शाळेच्या रकान्यात काय लिहू?

प्रश्न: काकू, आम्ही दोन वर्षांपूर्वी टेक्ससहून मॅसॅच्युसेट्समध्ये आलो. बॉस्टनच्या पश्चिमेला एका लहान टाऊनमध्ये राहतो. मुलगी दहा वर्षांची, पाचवीत होती. शाळेत तिचं मन रमेना, म्हणून नोव्हेंबरमध्ये आम्ही सुपरिंटेंडेंटच्या, म्हणजे इथल्या सरकारी शाळांच्या प्रमुखाच्या, ऑफिसला अभ्यासाचा आराखडा पाठवला, मंजुरीची ईमेल आली आणि तिला घरी शिकवायला लागलो. आता जानेवारीत टाऊन हॉलमधून गणनेचा फॉर्म आलाय. घरातल्या सगळ्यांची नावं, जन्मतारखा आणि मुलांच्या नावापुढे शाळा. मिस्टर म्हणतात, जुन्याच शाळेचं नाव लिही, कारण शाळेच्या ॲपवर ती अजून दिसते, रोज सकाळी ‘गैरहजर’ असा मेसेजही येतो. न्यू जर्सीची मैत्रीण म्हणते, होमस्कूलिंगचं कुणाला काही सांगायचं नसतं, रकाना कोरा ठेव. सासूबाई इथे आल्यात. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या, शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला वाड्यावस्त्यांवर फिरल्या आहेत. नात सरकारदरबारी शाळाबाह्य ठरणार म्हणून त्यांना झोप नाही. आमचं ग्रीन कार्ड अजून व्हायचंय, त्याची धास्ती वेगळीच. शिवाय मुलीला काढल्यामुळे शाळेचे पैसे कमी होतील का, हेही मनाला लागतं. शाळा वाईट नव्हती हो. धाकटा पावणेतीन वर्षांचा आहे, अजून चार-पाच शब्दच बोलतो, घरात दोन भाषा आहेत म्हणून असेल. तो कुठेच जात नाही, तर त्याचं नाव नाही घातलं तरी चालेल ना?
– एक आई

उत्तर:

ताई, शाळेच्या रकान्यात ‘होमस्कूल’ लिहा आणि इयत्तेचा रकाना असेल तर पाचवी. जुन्या शाळेचं नाव लिहू नका, रकाना कोराही ठेवू नका. आणि धाकट्याचं नाव नक्की घाला. त्याच्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, पण आधी तुमच्या जवळच्या तिघांच्या तीन मतांकडे वळते, कारण प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडं खरं आहे.

हा फॉर्म शाळेचा नाही, टाऊनचा आहे. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने प्रत्येक शहराला आणि टाऊनला दरवर्षी १ जानेवारीला आपल्या हद्दीत कोण राहतं त्याची यादी करावी लागते. त्या यादीत १७ आणि त्यापुढच्या वयाची माणसं येतात, मतदारयादी ताजी ठेवायला ती लागते, आणि ती लोकांना बघता येते. मुलांची माहिती त्याच फॉर्मवर घेतात, पण तिचं काम वेगळं. आपल्या गावात शाळेच्या वयाची कोणकोणती मुलं राहतात याची नोंद ठेवणं हे तिथल्या शाळा समितीचं कायदेशीर काम आहे, आणि त्यासाठी टाऊन हॉल तिला ही माहिती पुरवतो. १७ खालच्या मुलांची नावं त्या रहिवासी यादीत येत नाहीत.

म्हणजे फॉर्म विचारतोय ते एवढंच, की हे मूल इथे राहतं का. ते कुठल्या शाळेत जातं हा पुढचा प्रश्न. सरकारी शाळेत जाणारं मूल समितीला तसंही ठाऊक असतं, तिच्या स्वतःच्या पटावर ते असतंच. ही गणना मुळात आहे ती पटावर नसलेल्या मुलांसाठी. खाजगी शाळेतली, चर्चच्या शाळेतली, दुसऱ्या गावच्या शाळेत जाणारी, घरी शिकणारी आणि अजून शाळेच्या वयाला न आलेली. तुमच्या घरात त्यातली दोन आहेत.

आता सासूबाई. त्यांची भीती कुठून येते ते मला चांगलं समजतं. ४ जुलै २०१५ ला महाराष्ट्रात एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं, तेव्हा शिक्षक वीटभट्ट्या, पालं, रेल्वे स्टेशनं धुंडाळत फिरले होते, आणि नोंद झालेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावत होते. आकडा फारच कमी आला म्हणून संस्थांनी आक्षेप घेतला, त्यावर पुष्कळ चर्चा झाली. त्याआधी ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली होती. तिच्यात नेमकं उलटं दिसलं, पटावर नाव आहे पण वर्गात मूलच नाही. ज्या बाईंनी हे जवळून पाहिलंय त्यांना पट आणि मूल यांची फारकत झाली की काय होतं ते सांगायला नको. शिवाय आपल्याकडच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाचं मूल शाळेत असायला हवं असं धरलेलं आहे, घरी शिकणाऱ्या मुलासाठी वेगळा रकानाच नाही. तेव्हा त्यांना झोप लागत नाही यात नवल नाही.

इथे मात्र तो रकाना आहे, आणि हे त्यांना मुद्दाम सांगा. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा अमेरिकेत सगळ्यात आधी याच राज्याने केला, १८५२ साली. आज ६ ते १६ वयाच्या मुलांना तो लागू आहे. पण त्याच कायद्यात एक सूट आहे. सुपरिंटेंडेंटने किंवा शाळा समितीने आधी मंजूर केलेल्या पद्धतीने अन्य मार्गाने शिकणारं मूल या सक्तीतून वगळलेलं आहे. १९८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मंजुरी देताना काय बघायचं तेही ठरवून दिलं. विषय कोणते, तास किती, शिकवणारे पालक कितपत सक्षम, पुस्तकं कोणती आणि प्रगती कशी तपासणार. पुढे १९९८ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की घरी येऊन पाहणी करू द्या, ही अट मंजुरीसाठी घालता येणार नाही. तुमच्याकडे मंजुरीची ईमेल आहे ना? मग तुमची मुलगी शाळाबाह्य नाही, कायद्याने ती शिकते आहे. राज्याचं शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक गावातल्या शिकणाऱ्या मुलांचा १ जानेवारीचा तक्ता छापतं, त्यात सरकारी, व्होकेशनल, चार्टर (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा), खाजगी अशा रकान्यांच्या ओळीत ‘घरी शिकणारी’ असाही एक रकाना असतो. सासूबाईंना तो तक्ता उघडून दाखवा. मास्तरणीला आकड्यांचा तक्ता दाखवला की निम्मी काळजी मिटते.

आता तुमचे मिस्टर. ॲपवर नाव दिसतं म्हणून जुनी शाळा लिहायची हा त्यांचा विचार सरळ मनाचा आहे, पण तो करू नका. तुमच्या मुलीची गोष्ट जरा खास आहे. या एकाच शालेय वर्षात ती दोन मोजण्यांत दोन ठिकाणी आहे, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

पैशाची मोजणी १ ऑक्टोबरला होते. त्या दिवशी ज्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च स्कूल डिस्ट्रिक्टवर, म्हणजे गावाच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेवर आहे, ती सगळी मुलं एकत्र धरतात. स्वतःच्या शाळांतली आणि गावातून चार्टर शाळेत गेलेलीही. त्या आकड्यावरून, १९९३ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने घालून दिलेल्या आणि २०१९ मध्ये दुरुस्त केलेल्या हिशेबाने, पुढच्या जुलैला सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षाची राज्याची मदत ठरते. घरी शिकणारी मुलं या आकड्यात धरत नाहीत. पण १ ऑक्टोबरला तुमची मुलगी वर्गात बसलेली होती, तेव्हा त्या मोजणीत ती आहे आणि बरोबरच आहे. १ जानेवारीला ती घरी शिकत होती, तेव्हा या फॉर्मवर ती ‘होमस्कूल’ हेही बरोबर. तुम्ही जुनी शाळा लिहिलीत तर जानेवारीचा आकडा चुकेल, आणि ऑक्टोबरच्या आकड्याला त्याचा काही उपयोगही नाही.

शाळेचे पैसे बुडतील हा तुमच्या मनावरचा भार मला उतरवायचा आहे. पुढच्या १ ऑक्टोबरलाही ती घरीच असली तर आकड्यातून एक मूल कमी होईल, हे खरं. पण मदतीचा हिशेब असा बांधलेला आहे की पट घसरला तरी डिस्ट्रिक्टची रक्कम सहसा मागच्या वर्षीच्या खाली जाऊ देत नाहीत. आणि सधन गावांत शाळेचा बहुतेक खर्च घरपट्टीतूनच निघतो. ती घरपट्टी तुम्ही भरताच, भाड्याने राहत असलात तर भाड्यातून. मुलीला काय मानवतं ते बघून तुम्ही निर्णय घेतलात. शाळेच्या हिशेबाचं ओझं तिच्या अंगावर टाकू नका.

ते रोजचे ‘गैरहजर’ मेसेज मात्र मला खरोखर खटकले. फॉर्मपेक्षा ते मोठं काम आहे. याचा अर्थ एका ऑफिसने मंजुरी दिली आणि शाळेच्या कचेरीत तिचं नाव कमी झालंच नाही. संगणकाच्या लेखी ती नोव्हेंबरपासून दांडी मारतेय. इथला जुना कायदा असा आहे की सहा महिन्यांत सात दिवस मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकांना २० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. दंड किरकोळ आहे, पण गैरहजेरीच्या नोंदी साठत गेल्या की शाळेच्या समुपदेशकाचा फोन, मग पत्र, मग एखादा अनोळखी माणूस दारात, अशी ती साखळी पुढे सरकते, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं की आपण आपलं कामच करतोय. त्यात शाळेचंही नुकसान आहे, कारण गैरहजेरीच्या टक्केवारीवर राज्य शाळेला जाब विचारतं. मुख्याध्यापकांना आणि सुपरिंटेंडेंटच्या ऑफिसला एकच ईमेल लिहा. मंजुरीची ईमेल सोबत जोडा, मुलीचं नाव कोणत्या तारखेपासून पटावरून कमी करायचं ती तारीख लिहा, त्यानंतरच्या गैरहजेरीच्या नोंदी काढून टाकायची विनंती करा आणि तसं केल्याचं लेखी उत्तर मागा. फोनवर ‘हो हो, करतो’ म्हणाले तर त्यावर थांबू नका. तिच्या जुन्या प्रगतिपुस्तकांच्या प्रतीही याच वेळी मागून घ्या, पुढे कधी शाळेत परत घालायचं झालं तर हाताशी असतील.

न्यू जर्सीची मैत्रीण तिच्या राज्यापुरतं बरोबर सांगतेय. तिथल्या कायद्यात मुलाला शाळेइतकंच शिक्षण अन्यत्र देता येतं, आणि त्यासाठी डिस्ट्रिक्टला कळवण्याची सक्ती नाही. पेनसिल्व्हेनियात दरवर्षी प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. न्यू यॉर्कमध्ये कळवायचं, वर्षाचा आराखडा द्यायचा, वर तिमाही अहवालही. प्रत्येक राज्याचं दप्तर निराळं, त्यामुळे एका राज्यातला सल्ला दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा लावणं धोक्याचं. तुमच्या राज्यात आधी मंजुरी लागते आणि ती तुम्ही घेतली आहे. जे डिस्ट्रिक्टला ठाऊकच आहे ते टाऊनच्या फॉर्मवर लपवून काय मिळणार?

आणि मोजलं जाणं ही नेहमी नुसती पाळतच असते असंही नाही. विस्कॉन्सिनचं उदाहरण मला फार आवडतं. १८४८ च्या त्यांच्या राज्यघटनेने शाळांसाठी एक कायम निधी उभा केला. त्याचं भांडवल म्हणजे केंद्राकडून मिळालेल्या जमिनींच्या विक्रीचे पैसे, आणि त्यात दंडाच्या रकमांची भर. मुद्दलाला हात लावायचा नाही, उत्पन्न मात्र वाटायचं, आणि वाटायचं कसं, तर हद्दीत राहणाऱ्या ४ ते २० वयाच्या मुलांच्या संख्येप्रमाणे. शाळेच्या पटाप्रमाणे नाही, राहणाऱ्या मुलांप्रमाणे. म्हणून तिथली डिस्ट्रिक्ट आजही दरवर्षी ३० जून ही तारीख धरून या वयाच्या सगळ्या मुलांची गणना देतात, खाजगी शाळेतली आणि घरी शिकणारीही धरून. त्यातून येणारा पैसा सरकारी शाळांच्या ग्रंथालयांना जातो. म्हणजे तिथल्या मॅडिसन शहरात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अपूर्णांक शिकणाऱ्या मुलीमुळे जवळच्या शाळेच्या कपाटात पुस्तकांची भर पडते, मग ती त्या शाळेत कधी गेलेली नसली तरी. पावणेदोनशे वर्षं टिकलेली ही रीत मला शहाणपणाची वाटते. मूल गावाचं आहे, पटावर असो की नसो.

केंद्राच्या पातळीवरचं थोडक्यात सांगते. केंद्राचं जनगणना खातं दरवर्षी प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये ५ ते १७ वयाची मुलं किती आणि त्यातली गरीब घरांतली किती याचा अंदाज काढतं. गरीब मुलांसाठीचा केंद्राचा निधी त्यावरून वाटला जातो. त्यात मूल कुठे शिकतं हे बघत नाहीत, कुठे राहतं ते बघतात. त्यांची जी वार्षिक मोठी पाहणी असते तिच्यात शाळेच्या प्रश्नाला खाजगी शाळा आणि घरचं शिक्षण यांचं उत्तर एकाच चौकटीत आहे, त्यामुळे घरी शिकणाऱ्यांचा आकडा तिथून वेगळा काढता येत नाही. २०२० मध्ये त्याच खात्याच्या दुसऱ्या एका पाहणीत घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण वसंतात ५.४ टक्के आणि शरद ऋतूत ११.१ टक्के आलं, तेव्हा सगळ्या देशात चर्चा झाली. काही राज्यांत कळवण्याची सक्तीच नाही, तेव्हा देशभरचा आकडा असा पाहण्यांवरूनच काढावा लागतो.

ग्रीन कार्डाबद्दल. हा फॉर्म टाऊन क्लार्ककडे जातो, इमिग्रेशनकडे नाही, आणि मुलांच्या नावापुढे व्हिसाचा प्रश्न नसतो. मोठ्यांच्या नावापुढे मात्र नागरिक नसल्यास राष्ट्रीयत्व विचारतात. तिथे ‘भारतीय’ असं स्वच्छ लिहा. मतदाराचा काही रकाना किंवा खूण असेल तर तिला हात लावू नका. नागरिक नसताना नागरिक असल्याचं चुकून जरी कुठे लिहिलं गेलं, तर ते इमिग्रेशनच्या कामात फार महागात पडतं, आणि या सगळ्या फॉर्ममध्ये जपायची जागा तेवढी एकच आहे. उत्तर दिलं नाही तर मतदारयादीत निष्क्रिय ठरवू असा इशारा त्यावर छापलेला असतो. तो नोंदणी झालेल्या मतदारांसाठी आहे, त्याने घाबरून जाऊ नका. मुलांच्या शिक्षणाचं म्हणाल तर, कागदपत्रं नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळा नाकारता येत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगितलेलं आहे. तुमची तर कागदपत्रं आहेत.

आता धाकटा. ‘तो कुठेच जात नाही’ म्हणून त्याचं नाव गाळू नका. केजीत किती मुलं येणार याचा अंदाज शाळा पाच वर्षांपूर्वी गावात किती जन्म झाले त्यावरून बांधतात. समजा १०० जन्मांमागे दरवर्षी ११० मुलं येत असतील, तर वरची १० म्हणजे बाहेरून आलेली. तुमचा मुलगा टेक्ससमध्ये जन्मला, तेव्हा टाऊनच्या जन्मनोंदीत तो नाही. या फॉर्मवर नाव घातलं तरच तो तिथे दिसणार. किती शिक्षक लागतील, किती वर्ग, हे अशा नावांवरून ठरतं.

पण मी त्याच्यासाठी थांबले ते दुसऱ्याच कारणाने. पावणेतीन वर्षांचं मूल चार-पाचच शब्द बोलत असेल तर दोन भाषांवर ढकलून वाट बघत बसू नका, ताई. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द दोन्हींत मिळून मोजायचे असतात. तसे मोजूनही ते चार-पाचच असतील तर कारण भाषा नाही. तिसरा वाढदिवस व्हायच्या आत राज्याच्या अर्ली इंटरव्हेन्शनला, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या तीन वर्षांखालच्या मुलांना मदत करणाऱ्या सेवेला, फोन करा. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आईने केलेला फोन चालतो, तपासणीला पैसे पडत नाहीत. तीन वर्षं पूर्ण झाली की ही जबाबदारी तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टकडे जाते. केंद्राच्या कायद्याने डिस्ट्रिक्टला आपल्या हद्दीतली मदतीची गरज असलेली सगळी मुलं-मुली शोधून काढायचीच असतात, शाळेत नसलेली आणि घरी शिकणारीसुद्धा. तुम्ही लेखी मागितलंत तर शाळेच्या पाच दिवसांत त्यांनी तपासणीसाठी तुमची संमती मागायची आणि संमतीनंतर शाळेच्या ३० दिवसांत तपासण्या पूर्ण करायच्या, हे मॅसॅच्युसेट्सच्या नियमात आहे. तुमच्या सहीशिवाय पहिली तपासणीही होत नाही आणि सेवाही सुरू होत नाही. तेव्हा ‘एकदा नाव गेलं की मूल हातातून गेलं’ अशी धास्ती असेल तर ती काढून टाका.

कदाचित काहीच निघणार नाही, मुलगा चार महिन्यांत पोपटासारखा बोलायला लागेल. तसं झालं तर मला आनंदच आहे. पण अर्ली इंटरव्हेन्शनला आता दोन-तीनच महिने उरलेत, आणि फोनवर नाव नोंदवलं की तपासणीची तारीख मिळायलाही दिवस लागतात. फॉर्म आठवडाभर टेबलावर राहिला तरी चालेल. फोन उद्या सकाळीच करा, त्यानंतर शाळेला ती ईमेल. त्याच्या तपासणीचं काय झालं ते मला जरूर कळवा.